स्थळं जुळवताना कळलेलं प्रेम

बदलापूर पूर्वेला मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. माझं माहेर उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं. लग्नानंतरची पहिली बरीच वर्षं अंबरनाथच्या चाळीत गेली, मग बदलापुरात स्वतःची जागा झाली. तिन्ही गावांतली माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. आई विचारते, "ताई, लग्नानंतर प्रेम होतंच ना हो?" बाप सांगतो, "पोरीचं एकावर मन आहे, पण उतरेल ते." मुलगा म्हणतो, "मुलगी चांगली आहे, पण पाहिल्यावर आतून काही वाटलंच नाही. नकार कळवू का?" तिघेही खरं तर एकच गोष्ट विचारत असतात. प्रेम आतून आपोआप येतं, माणूस ते ठरवून करतो, की ज्या घरात, जातीत, गावात आपण वाढलो ते घर आपल्याला प्रेम शिकवतं? या कामातून आणि या गावांतून मला जे कळलं ते इथे लिहिते.

१. धाव शरीर घेतं, पण त्या धावेतही निर्णय असतो

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. भाडं परवडतं म्हणून तिथे बरीच अंध कुटुंबं राहतात. लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून त्यांतले अनेकजण संसार चालवतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणीच्या फलाटावरून अंध आईचा हात धरून चाललेला लहान मुलगा रुळांवर पडला. त्याच रुळांवरून एक्सप्रेस येत होती. आई फलाटाच्या कडेला चाचपडत राहिली. तेव्हा मयूर शेळके हे पॉइंट्समन गाडीच्या दिशेने रुळांमधून धावत गेले, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं आणि स्वतः वर चढले, इतक्यात गाडी निघून गेली. सीसीटीव्हीतलं ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

त्या वेळी आमच्याकडे सगळे एकच म्हणत होते, "ही माणुसकी रक्तातच असते." मला ते अर्धंच पटतं. पडणारं मूल दिसलं की कोणाचाही हात पुढे होतो, हे खरं आहे. पण शेळके यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं होतं की धावताना आपलाही जीव धोक्यात आहे हा विचार त्यांच्या मनात आला होता, आणि तरीही वाचवायचंच असं त्यांनी ठरवलं. पाय नैसर्गिक ओढीने उचलले गेले असतील, पण ते पुढे पडत राहिले ते त्यांच्या निर्णयाने. पुढे रेल्वेकडून ५० हजार रुपयांचं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. बक्षिसाचा अर्धा वाटा कोणाची उपजत ओढ देत नाही. ज्या मुलाशी आपलं काही नातं नव्हतं, ते आता आपलं आहे हे त्यांनी स्वतः ठरवलं. या माणसाबद्दल बोलताना मला आजही भरून येतं.

२. आईची मायासुद्धा कोणाकडून तरी मिळालेली असते

"दत्तक आहे" हे शब्द ऐकले की समोरचं स्थळ थोडं मागे सरकतं. अशा एका मुलीची आई माझ्यासमोर बसून विचारत होती, "मी हिला चार महिन्यांची आणली. हिच्या प्रत्येक तापात जागले. आता लोक विचारतात, रक्ताची नाही तर माया कशी असेल?"

मी त्यांना हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग सांगितले. १९५०च्या दशकात त्याने माकडाच्या पिल्लांना आईपासून वेगळं करून दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, जिच्याजवळ दुधाची बाटली होती. दुसरी मऊ कापड गुंडाळलेली, जिच्याजवळ काहीच नव्हतं. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. म्हणजे जवळिकीची भूक पोटाच्या भुकेहून वेगळी आहे, आणि ती जन्मतःच असते. त्याच संशोधनाचा पुढचा भाग मात्र फार कमी लोक सांगतात. एकटं ठेवून वाढवलेल्या माद्या पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणींना आपलं पिल्लू जवळ घेता येईना. काहींनी तर पिल्लांना मारलं. जन्म त्यांनीच दिला होता, रक्त त्यांचंच होतं. त्यांना कोणी कुशीत घेतलेलं नव्हतं, म्हणून कुशीत कसं घ्यायचं ते त्यांना येत नव्हतं. (मुक्या जिवांवर केलेले हे प्रयोग क्रूर होते, हेही इथेच म्हणून ठेवते.)

म्हणजे नुसत्या रक्तावरून माया ठरत नाही. त्या दत्तक मुलीचं लग्न पुढे जमलं. मुलाच्या आईने शेवटी एवढंच विचारलं, "पोरीला स्वयंपाक येतो का?" आणि मी म्हटलं, "तुमच्या मुलाला जितका येतो तितका."

३. मन कुठे जाऊ द्यायचं हे इतक्या लहानपणी शिकवलं जातं की ते शिकवलेलं आहे हेच विसरायला होतं

प्रेम ही पश्चिमेकडून सिनेमातून आलेली गोष्ट आहे, असं सांगणारे काका अजून भेटतात. त्यांना मी आधी आपल्याच मातीतली गोष्ट सांगते. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली आहे. गोदाकाठच्या खेड्यांतल्या बायका-पुरुषांची ओढ, रुसवे, चोरट्या भेटी, विरह हे सगळं त्या सातशे गाथांत आहे. तेव्हा सिनेमा नव्हता. जगभरचं सांगायचं तर १९९२ मध्ये विल्यम यांकोविआक आणि एडवर्ड फिशर या मानववंशशास्त्रज्ञांनी १६६ समाजांच्या नोंदी तपासल्या आणि १४७ समाजांत त्यांना रोमँटिक प्रेमाचे पुरावे सापडले. माणूस आहे तिथे हे आहे, असं मी तरी यावरून समजते.

पण ओढ सगळीकडे असली तरी ती कोणाकडे जावी, याचे नियम जागोजाग वेगळे. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आमच्या ओळखीचा एक मराठी सुपरवायझर आहे. त्याची बायको त्याची सख्खी मामेबहीण. लहानपणापासून दोन्ही घरची माणसं त्यांना चिडवत आली, आणि मोठेपणी दोघांनाही एकमेकांबद्दल खरंच वाटायला लागलं. त्याच्याच हाताखाली काम करणारा उत्तर प्रदेशातला मुलगा हे ऐकून अक्षरशः हादरला. त्याच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण, राखी बांधणारी. तिच्याबद्दल तसा विचार करणं त्याला किळसवाणं वाटलं, आणि ती किळस अगदी खरी होती. सुपरवायझरचं प्रेमही तितकंच खरं होतं.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंस्थेवरच्या आपल्या ग्रंथात हा फरक १९५३ मध्येच मांडून ठेवला आहे. उत्तरेत मुलगी द्यायची ती नात्याबाहेर आणि गावाबाहेर. दक्षिणेत जवळच्या नात्यात. आणि महाराष्ट्र मध्ये उभा, जिथे मामाची मुलगी अनेक जातींत चालते, आत्याची मात्र बऱ्याच ठिकाणी चालत नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदा तर सरळ सांगतो की निषिद्ध नात्यातलं लग्न एरवी चालणार नाही, पण दोन्ही पक्षांची रूढी तशी असेल तर चालेल. कायद्यालाही रूढीसाठी जागा ठेवावी लागली.

निसर्ग यात अजिबात नाही असं नाही. एडवर्ड वेस्टरमार्क हा फिनलंडचा अभ्यासक १८९१ मध्ये म्हणाला होता की लहानपणी एका घरात एकत्र वाढलेल्या मुलामुलींना मोठेपणी एकमेकांविषयी शारीरिक ओढ वाटत नाही. इस्रायलमधल्या किबुत्झ या सामूहिक वसाहतींत एकत्र वाढलेली मुलं रक्ताच्या नात्यातली नसूनही सहसा आपसात लग्न करत नसत, हे नंतर दिसलं. माझ्या केंद्रातही एकत्र कुटुंबात वाढलेला एक मुलगा आला होता. "मामाच्या मुलीशी ठरवलंय, पण ती आमच्याच घरात वाढली, मला ती बहीणच वाटते," असं म्हणून रडत होता. घरचे म्हणत होते, "आपल्यात चालतं की!" जात ज्याला हो म्हणत होती त्याला त्याचं शरीर नाही म्हणत होतं. मी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि ते लग्न थांबलं.

या सगळ्यातून मी एक शिकले. "मला आतून तसं वाटतच नाही" हे वाक्य खरं असतं, पण त्या 'आत'मध्ये आजीने सांगितलेलं, शेजाऱ्यांनी चिडवलेलं, जातीने वगळलेलं असं बरंच काही जाऊन बसलेलं असतं. दुसऱ्या जातीची मुलगी "कधी त्या नजरेने पाहिलीच नाही" असं मुलगा सांगतो, तेव्हा ती नजर त्याला कोणी दिली, हे मी विचारतेच.

४. लग्नानंतर प्रेम होतं का? कधी होतं. आपोआप मात्र होत नाही.

उल्हासनगर हे लग्नानंतरच्या प्रेमाचं मोठं उदाहरण आहे, असं मला नेहमी वाटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकी, फाळणीनंतर तिथे आणून सोडलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते बसवलेला नव्या वसाहतीचा पाया. ज्या गावावर प्रेम करायची कोणाचीच इच्छा नव्हती, ते हजारो माणसांच्या गळ्यात पडलं. आमच्या शेजारच्या सिंधी आजी सिंधमधल्या शिकारपूरहून आलेल्या. आम्ही त्यांना अम्माच म्हणायचो. त्यांचं लग्न बराकीतच लागलं. नवऱ्याला त्यांनी लग्नाआधी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, "अम्मा, तुमचं प्रेम कधी झालं?" त्या म्हणाल्या, सुरुवातीला तर रेशनची रांग आणि पाण्याची रांग, एवढंच झालं. नवरा मुंबईला जाऊन फेरी करायचा, रात्री उशिरा यायचा. अम्मांना वाचता येत नव्हतं. तो येताना सिंधी वर्तमानपत्र आणायचा आणि जेवण झालं की कंदिलाजवळ बसून त्यांना वाचून दाखवायचा. सुटलेल्या गावाची काही बातमी आहे का, ते आधी शोधायचा. "रोज वाचायचा. मग एक दिवस ताप आला म्हणून तो वाचू शकला नाही, आणि मला बातमीची नाही, त्याची काळजी वाटली." सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातली मारुई त्यांना फार प्रिय. राजाच्या महालात कोंडलेली आणि तरीही आपल्या गरीब मलीरच्या माणसांसाठी झुरणारी. प्रेम म्हणजे काय, हे अम्मा या गोष्टीतून शिकल्या होत्या. म्हणून बातम्या वाचून दाखवणाऱ्या माणसात त्यांना प्रेम ओळखता आलं. उन्हाळा सरला की चालियाचे चाळीस दिवसांचे उपास त्या करायच्या आणि सिंध्यांचा देव झुलेलाल याच्याकडे नवऱ्यासाठी मागणं मागायच्या.

हे ऐकून मुलींच्या आया खूश होतात. म्हणून मला त्यांना त्याच रांगेतली दुसरी बराकही दाखवावी लागते. तीच फाळणी, तीच रांग, तसंच न पाहता झालेलं लग्न. त्या बाईने आयुष्यभर नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून भांडी आवरली. तिला सोडून जाता आलं नाही, म्हणून ती राहिली. टिकलेल्या लग्नाला आपण फार सहज प्रेम म्हणतो. पत्रिका जुळली होती, जात जुळली होती, मग एका घरात ते उगवलं आणि दुसऱ्यात नाही, असं का? माझ्या पाहण्यात फरक एवढाच होता की एका घरात रोज रात्री कोणीतरी कोणासाठी काहीतरी करत होतं.

५. प्रेम टाइमटेबलही पाहतं

हा धडा छोटा आहे, पण आमच्या भागात तो टाळता येत नाही. सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. चांगल्या नोकरीतला, निर्व्यसनी, घर असलेला मुलगा, पण पत्ता बदलापूर किंवा वांगणी असला की दादर-ठाण्याकडून निरोप येतो, "कल्याणच्या पुढे नको." मी त्या मुलींना दोष देत नाही. पहाटेची लोकल, दारात लटकून प्रवास, रात्री परत येऊन स्वयंपाक, हे आयुष्य कोणी आनंदाने का निवडावं? उलट त्याच लोकलने कितीतरी जोड्या जुळवल्या. अंबरनाथला एकाच डब्यासमोर उभे राहणारे दोघं, वर्षभर फक्त मान हलवून ओळख, आणि मग गाड्या बंद पडलेल्या एका पावसात एकत्र केलेली पायपीट. लेडीज डब्यात होणारं केळवण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना प्रवासातल्या मैत्रिणींचं प्रेम वेगळं सांगायला नको. ज्याच्या शेजारी आपण रोज उभे राहतो, त्याच्यावरच मन बसण्याची शक्यता जास्त, इतकी ही साधी गोष्ट आहे. म्हणूनच मुलींना 'कुठे उभं राहायचं नाही' हे इतकं बजावलं जातं.

६. जिथे प्रेमाला धाक घालावा लागतो, तिथला नियम ही निसर्गाची आज्ञा नसते

अंबरनाथच्या विवेक तमायचीकर यांची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुण जोडप्याला सांगते. ते कंजारभाट समाजातले. या समाजात लग्नाच्या रात्री वधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची प्रथा होती. पांढरी चादर, बाहेर बसलेले पंच, आणि सकाळी सर्वांसमोर नवऱ्या मुलाला वधूच्या कौमार्याबद्दल विचारलेला प्रश्न. विवेक आणि त्यांच्या होणाऱ्या पत्नी ऐश्वर्या यांनी ठरवलं की आम्ही ही परीक्षा देणार नाही. समाजातल्या इतर तरुण मुलामुलींना सोबत घेऊन त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. २०१८ मध्ये दोघांनी त्या परीक्षेविना लग्न केलं.

किंमत मोजावी लागली. त्याच वर्षी नवरात्रात पिंपरीत ऐश्वर्या यांना दांडिया खेळण्यापासून अडवल्याची तक्रार झाली. २०१९च्या मे महिन्यात अंबरनाथमध्ये विवेक यांच्या आजीचं निधन झालं, तेव्हा अंत्यविधीला समाजातल्या कोणी जाऊ नये असं फर्मान निघाल्याची तक्रार पोलिसांत गेली आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. आजीच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं येऊ नयेत! ज्या शहरात मी संसार मांडला, तिथे हे घडलं, हे वाचून मी त्या दिवशी जेवले नाही.

मला यात सर्वांत जास्त काय लागलं ते सांगते. आपली माणसं गेल्यावर रडावंसं वाटणं ही उपजत गोष्ट आहे. कोणीही शिकवल्याशिवाय पाय त्या दाराकडे वळतात. पंचांचा शब्द त्या पायांनासुद्धा थांबवू शकतो, इतकी समाजाची शिकवण खोल जाऊ शकते. आणि तरीही दोन माणसं तिच्याविरुद्ध उभी राहू शकतात. प्रेम फक्त संस्काराने घडत असतं, तर विवेक-ऐश्वर्या यांच्यासारखी जोडपी झालीच नसती. त्यांच्यावर वेगळे संस्कार झाले नव्हते, तेच झाले होते.

आणि हे फक्त कंजारभाट समाजाचं आहे असं समजून कोणी निश्चिंत होऊ नये. माझ्या कपाटातल्या फायली उघडल्या तर प्रत्येक जातीची चादर त्यात सापडेल. कुठे ती पोटजातीच्या रकान्यात आहे, कुठे "मुलगी घरंदाज हवी, नोकरीत फार पुरुषांशी संबंध येत नसावा" या अपेक्षेत.

"आपली संस्कृती" म्हणून जे सांगितलं जातं, त्यात आपल्याच संस्कृतीचा किती भाग गाळला जातो पाहा. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे म्हणजे लग्नगीतं गाते, तिच्या गाण्याशिवाय विधी पुरे होत नाहीत. धवळ्यांची ही परंपरा जुनी. तेराव्या शतकात महदंबा या कवयित्रीने धवळे रचले ते रुक्मिणी-स्वयंवरावर. रुक्मिणीची गोष्ट काय आहे? भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलं, तिला ते मान्य नव्हतं, तिने कृष्णाला निरोप पाठवला आणि त्याच्यासोबत निघून गेली. ही कथा आपण मांडवात भक्तीने ऐकतो, आणि त्याच मांडवात एखादी मुलगी "माझं ठरलंय" म्हणाली तर तिचा मोबाइल काढून घेतला जातो. रीत बदलल्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते. भटजी नाही, हुंडा नाही. म्हणजे लग्नाची नवी रीत एका पिढीत, माणसांनी बसून, विचार करून तयार करता येते. रीत माणसांनीच केलेली असते, हे मला या लग्नाने शिकवलं.

७. निवडलेलं प्रेमसुद्धा सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही

माझे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, बोलण्याचा व्यायाम करून घेणं. त्या दिवसांत मनात प्रेम उचंबळून येत होतं असं मी म्हणणार नाही. थकवा येत होता, राग येत होता. सकाळी उठून मी त्यांच्या खाटेकडे जात होते, इतकंच. एरिक फ्रॉम यांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या 'द आर्ट ऑफ लव्हिंग' या पुस्तकात प्रेम ही अभ्यासाने येणारी कला मानली आहे. ते मला तेव्हा पटलं. प्रेमाचा मोठा भाग म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली निवड.

पण त्याच काळात आमच्या जुन्या चाळीतला एक गृहस्थ आपल्या आजारी बायकोला आंघोळ घालायचा, तिची वेणी घालायचा. त्याला बघून सगळे हळहळायचे, "किती करतो बिचारा, देवमाणूस!" माझ्याकडे बघून कोणीही हळहळलं नाही. बायकोने करायचंच असतं. त्याने केलं ती त्याची निवड ठरली, मी केलं ते माझं कर्तव्य. दोघांनी एकच काम केलं होतं. मुलींनो, लग्न ठरवताना मुलाला हे एक जरूर विचारा, की त्याच्या घरात आजारी माणसाचं कोण करतं. पगारापेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

८. मन उतरत नाही, माणूस बोलणं थांबवतो

आता त्या बापाकडे येते, ज्याने सांगितलं, "पोरीचं एकावर मन आहे, पण उतरेल ते." माझ्या केंद्राचा नियम आहे. मुलगी किंवा मुलगा स्वतः येऊन, आईवडील बाहेर बसलेले असताना, माझ्याशी बोलल्याशिवाय मी त्यांची माहिती कोणाला दाखवत नाही. त्या मुलीलाही मी एकटीला आत घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मी लग्न करीन ते सांगतात त्याच्याशी. पण मला त्या मुलाला फसवायचं नाही." त्या वाक्यातही प्रेम होतं, न पाहिलेल्या एका अनोळखी मुलाबद्दलसुद्धा. मी तिची फाइल उघडली नाही. बापाला म्हटलं, "दादा, जे तुम्ही उतरेल म्हणता, ते ती तुम्हाला सांगायचं बंद करेल. उतरणार नाही." ते चिडून गेले. ते पुन्हा आलेले नाहीत. त्या घरी पुढे काय झालं, हे मी कोणाला विचारलं नाही, विचारायचा अधिकारही माझा नाही.

ज्यांनी निवड केली आहे आणि घर बंद झालं आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी इथेच लिहून ठेवते. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली कोणत्याही जातिधर्माच्या दोघांना लग्न करता येतं. मुलगी १८ वर्षं पूर्ण आणि मुलगा २१ वर्षं पूर्ण हवा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ३० दिवसांनी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, लग्न होतं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने किंवा खापने लुडबूड करणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. धमकी आली तर पोलिसांकडे संरक्षण मागा, एकटं फिरू नका.

आणि आईवडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे. विशेष विवाह कायद्याच्या लग्नात वधू-वरांसोबत तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपल्या मुलांना त्या सह्यांसाठी मित्रांकडे, अनोळखी माणसांकडे जायला लावू नका. त्यांतल्या दोन सह्या तुमच्या असू द्या.